दीड माणसाची खुर्ची

आम्ही रत्नागिरीला पाळणा करून घ्यायला गेलो होतो, हे सोलापुरात महेशशिवाय, म्हणजे माझ्या नवऱ्याशिवाय, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारीपाजारी आणि कारखान्यात मी सांगितलं होतं, "सासूबाईंना समुद्र दाखवायला नेतेय." ते खोटंही नव्हतं. आईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. निघताना त्यांनी मला बजावलं होतं, "मी समुद्र बघायला येनार. पाळन्याचं तुमचं तुमी बगा. मूल घरात यायच्या आदी पाळना आनत नसत्यात, एवढं मला कळतं."

आम्ही मूल दत्तक घेणार होतो. नाव नोंदवून काही वर्षं झाली होती. या काळात आई तो शब्द तोंडातून काढत नसत. "तुमचं ते काम" म्हणत. "तुमच्या त्या कामाचं काय झालं?" एवढंच विचारत आणि उत्तर यायच्या आत गॅसकडे वळत.

मी शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला आहे. दिवसभर बालवाडीच्या कॉलरी, तळहाताएवढे खिसे, गुडघ्यापर्यंत येणारे बिनबाह्यांचे पिनाफोर फ्रॉक माझ्या कात्रीखालून जातात. मोबाईलवर एकदा एका पाळण्याचा फोटो दिसला. शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा, बाजूंना वाकवलेल्या गोल पट्ट्या, कुठे खिळा दिसत नव्हता. खाली नाव होतं, वैदेही, पावस, रत्नागिरी. दुपारच्या सुट्टीत मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघायला लागले. शेवटी निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, "मी माणसं बघितल्याशिवाय वस्तू करत नाही. चार दिवस काढून या. राहायला खोली आहे." महेशला रजा मिळाली नाही. म्हणून आम्ही सासूसुना निघालो.

रत्नागिरी

उतरलो तेव्हा उजाडत होतं. आमच्याकडे थंडी सरायच्या त्या दिवसांत पहाटे अजून शाल लागते. इथे हवा अंगाला चिकटत होती. आईंनी रात्रभर डोळा मिटला नव्हता. मांडीवरच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, परक्याच्या घरी द्यायला, आणि ती कुणी पळवेल अशी त्यांना धास्ती होती.

स्टँडबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या बाईंनी आईंना न विचारता स्टूल दिलं. "बसा हो ताई. कुठून आलात?"

"सोलापूर."

"लांबून आलात गो बाय! कुनाकडे?"

"समुद्राकडं," आई म्हणाल्या. बाई खूप हसल्या आणि चहाचे पैसे घेताना त्यांनी आईंच्या हातावर एक आमसुलाची गोळी ठेवली.

पावसची गाडी लागलेली होती. खिडकीजवळ मी आईंना बसवलं. गाव सरलं, उतार लागला आणि भाट्याच्या पुलावर गाडी चढली तसा उजव्या हाताला समुद्र उघडला. सकाळच्या उन्हात तो निळा वगैरे नव्हता, ॲल्युमिनियमच्या परातीसारखा पांढरा होता. मी आईंकडे वळले. त्या खिडकीच्या गजाला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. रात्रभराच्या जागरणानंतर त्यांना हलवायला माझा हात उचलला गेला नाही.

पावसला उतरल्यावर हे कळलं तेव्हा त्या रस्त्यातच थांबल्या. "ज्यासाटी आले तेच झोपेत गेलं! उटवायचं न्हाई व्हय?" पुढचे दोन तास माझ्याशी बोलल्या नाहीत.

पावसच्या पुढे

वैदेही टेम्पो घेऊन न्यायला आली होती. पस्तिशी ओलांडलेली, उंच, केसांच्या बुचड्यात खोचलेली पेन्सिल, हातावर कोपरापर्यंत बारीक भुसा. अहमदाबादला फर्निचरचं शिक्षण घेऊन काही वर्षं बंगळूरला नोकरी केलेली. "काकू, पुढे बसा माझ्याजवळ," म्हणत तिने आईंची पिशवी हातात घेतली, आणि मला आश्चर्य वाटलं, आईंनी ती दिली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कलमं होती. मोहोर गळून देठांना वाटाण्याएवढ्या कैऱ्या लागलेल्या. आमच्याकडे रान म्हटलं की नजर पार क्षितिजाला जाऊन टेकते. इथे दहा पावलांवर झाड आडवं येतं. आई सारख्या मान वळवून बघत होत्या. त्या काय शोधत होत्या ते मला माहीत होतं.

वैदेहीचा स्टुडिओ म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती आणि वर पत्रा असलेली लांबच लांब शेड. तिचे वडील तिथे आंब्याच्या पेट्या करायचे. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले आणि ते काम बसलं. वडील गेल्यावर शेड तशीच पडून होती. वैदेहीने बंगळूरची नोकरी सोडली आणि ती उघडली.

आत शिरताच लाकडाचा वास आला. एकच नव्हे, कितीतरी. फणसाच्या लाकडाचा गोडसर, सागाचा तेलकट, आणि मेणाचा. दाराशीच एक बाक होता, ताज्या फणसाचा, हळदीसारखा पिवळा. आईंनी त्यावर हात ठेवला आणि लगेच उचलून बघितला, रंग लागला की काय म्हणून. त्यापलीकडे वेताने विणलेली खुर्ची होती, पाठ माणसाच्या पाठीसारखी मध्ये दबलेली. एक लिहायचं मेज, त्याचे पाय खाली जाताना बकरीच्या पायासारखे बारीक होत गेलेले. मी त्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं. दोन लाकडं कुठे भेटतात ते डोळ्यांना दिसत होतं, बोटाला लागत नव्हतं. आमच्या कारखान्यात चांगली शिवण अशीच ओळखतात. प्रत्येक वस्तूला कागद अडकवलेला होता: बंगळूर, दिल्ली, गोवा.

वैदेही आमच्यासाठी पाणी घेऊन आली आणि स्वतः एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. खुर्चीचा हात मोडून तारेने बांधलेला.

"एवढं झाक करता आनि सवता ह्याच्यावर बसता?" आई म्हणाल्या. दोन तासांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य.

वैदेही हसली. "इथलं सगळं बाहेर जातं, काकू. बाबांनी आयुष्यभर पेट्या ठोकल्या, एकसुद्धा परत आली नाही. माझं तसंच आहे. फणसाचं लाकूड आता पिवळं दिसतं ना, घरात वापरून वापरून ते काही वर्षांनी मधासारखं होतं. हात लागतात तिथे जास्त गडद होतं. मी केलेला एकही बाक तसा झालेला मी बघितला नाही. लोक म्हणतात फोटो पाठवू. सुरुवातीला एखादा पाठवतात."

मग तिने बुचड्यातली पेन्सिल काढली, कागद पुढे ओढला आणि मला विचारलं, "बाळ कधी यायचंय?"

विचारताना तिची नजर माझ्या पोटाकडे गेली. ती नजर मला पाठ आहे. लग्नकार्यात, दवाखान्यात, बसमध्ये, सगळीकडे ती भेटते. एरवी मी हसून काहीतरी सांगते. त्या वेळी मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"दत्तक घ्यायचंय," आई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी पदर सारखा केला आणि पुढे सांगितलं, "पोरगा का पोरगी, केवढं, कवा, काई म्हाईत न्हाई. फोन आला की जायचं."

वैदेहीची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. "केवढं म्हणजे? तान्हंच ना?"

आता मला बोलावं लागलं. गेल्या दिवाळीच्या सुमारास दत्तक संस्थेच्या समाजसेविका बाई घरी आल्या होत्या. तान्ह्या बाळासाठी रांग फार मोठी आहे, वयाची अट चार वर्षांपर्यंत वाढवलीत तर लवकर होईल, असं त्यांनी समजावलं. आम्ही दोघांनी विचार करून हो म्हटलं. अट वाढली. माझ्या मनात मात्र जे मूल होतं ते तेवढंच राहिलं होतं, दोन हातांत मावणारं, मान न सावरणारं.

"चार वर्षांपर्यंत कितीही," मी म्हणाले.

वैदेही जपून बोलली. "मग पाळणा कसा करू, ताई? तीन वर्षांचं आलं तर ते त्यात बसणार पण नाही."

"मला पाळणाच हवाय."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेडच्या दुसऱ्या टोकाला चाललेला रंधा थांबला. वैदेहीने माझ्याकडे नीट बघितलं, होकारार्थी मान हलवली आणि कागदावर पाळण्याचं चित्र काढायला घेतलं.

रंधा थांबवणारे होते केशवदादा. किनाऱ्यावरच्या नाटे गावचे. साठी उलटलेले, काळेसावळे, मिशी कोरलेली, आणि स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करण्यात त्यांना कसला संकोच नव्हता. पूर्वी लाकडी होड्या बांधत. आता सगळ्यांच्या होड्या फायबरच्या झाल्या, तेव्हा ते वैदेहीकडे आले. आठवडाभर इथे राहतात, सुट्टीला नाट्याला जातात. मुलगे मुंबईत.

"वैनी, लाकूड वाकवायचा तर ह्या जिल्ह्यात दोन मानसा होती," त्यांनी मला सांगितलं. "एक माझो बापूस. तो गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते दाखवलं. लोखंडी पिंपात पाणी उकळत ठेवलेलं, वर लांबट लाकडी पेटी, तिच्यात पाण्याची वाफ सोडलेली. शिवणीच्या पातळ पट्ट्या त्या वाफेत ठेवल्या. त्या मऊ होईपर्यंत केशवदादांनी होडीची फळी विस्तवावर कशी शेकतात, समुद्राचं पाणी कसं मारतात, ते सांगितलं. सांगताना त्यांचे हात हवेतच होडीच्या अंगावरून फिरत होते. "शेवटची होडी बांधली, तिला पान्यात उतरवताना सगला गाव जमला होता. आता होडी ट्रकातनं येते. कुनी नारल पन फोडीत नाय."

पट्टी बाहेर काढली, हातमोजे घालून दोघांनी ती साच्याभोवती वळवली. लाकूड इतक्या सहज वळताना मी कधी बघितलं नव्हतं. अर्धं वर्तुळ झालं, पाऊण झालं. पाळण्याची कड दिसायला लागली. माझे हात आपोआप छातीशी गेले.

आणि कडाक् असा आवाज झाला. पट्टी वळणावर फाटली, आतले पांढरे धागे बाहेर आले.

केशवदादांनी दुसरी घेतली. तीही गेली. तिसऱ्या वेळी वैदेहीने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "दादा, ही बॅच जास्त वाळलीय. होणार नाही."

"माज्या हातून मोडला नाय कदी," केशवदादा मोडक्या पट्टीशीच बोलले.

आई शेडच्या दारात बसून ओल्या काजूच्या बिया सोलत होत्या. वैदेहीने त्यांना कामाला लावलं होतं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. पण मला वाटलं, त्या म्हणणार, मी सांगितलं होतं ना. त्या काही म्हणाल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. दुपारी त्या काजूंची उसळ आणि तांदळाची भाकरी होती. भाकरी हातात घेऊन आई बराच वेळ न्याहाळत होत्या. "पांडरी फटक हाय. आजारी मान्सासारकी." मग दोन खाल्ल्या. आमची कडक भाकरी केशवदादांनी चहात बुडवून खाल्ली आणि दात वाचले म्हणून देवाला हात जोडले.

नाटे

वाकवून होत नसेल तर वाकडंच लाकूड आणायचं, असं केशवदादांनी ठरवलं. होडीच्या पोटातल्या कमानींना लागतात तशी, झाडावरच वाकडी वाढलेली लाकडं त्यांनी घरी साठवून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वैदेहीच्या टेम्पोतून आम्ही सगळेच नाट्याला निघालो. केशवदादा मागे ताडपत्रीवर बसले. आईंना वैदेहीने पुढे खिडकीशी बसवलं आणि म्हणाली, "काकू, आज मी झोपू देणार नाही."

पूर्णगडच्या पुलावर खाडी लागली तेव्हा आई सावरून बसल्या. "हाच का?"

"नाही, ही खाडी."

नंतरच्या प्रत्येक वळणावर त्यांनी तेच विचारलं. शेवटी एका सड्यावर आलो. काळपट जांभ्याचं उघडं पठार, वाळलेलं गवत, एक झाड नाही. आईंचा जीव भांड्यात पडला. "हे आमच्याकडच्यागत हाय." आणि पठार जिथे संपत होतं तिथे समुद्र उभा होता. उभा म्हणते, कारण त्या उंचीवरून तो सपाट वाटत नाही, आभाळापर्यंत चढत गेलेला दिसतो.

वैदेहीने टेम्पो थांबवला. आई खाली उतरल्या, काठापासून लांबच उभ्या राहिल्या. उन्हाला हात आडवा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेल्या. मग म्हणाल्या, "पलीकडं काईच न्हाई?"

"आहे. पण दिसत नाही."

त्यांनी समुद्राला नमस्कार केला.

केशवदादांचं घर बंदराच्या वरच्या अंगाला. त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी, बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं घट्ट तिखट कालवण, आणि भात केला होता. आमच्या घरी मटण चालतं, पण मासा आईंनी कधी खाल्ला नव्हता. काट्याची भीती. सुमनताई त्यांच्याशेजारी बसल्या, स्वतःच्या हाताने काटा सोडवून एकेक तुकडा आईंच्या भातावर ठेवत राहिल्या. "खावा बिनधास्त. मी हाय ना." आमच्याकडे पाहुणीच्या ताटात कुणी हात घालणार नाही. आई आधी अवघडल्या. मग निमूटपणे, लहान मुलीसारख्या, समोर येईल तो घास खात गेल्या.

जेवण झाल्यावर केशवदादा आणि वैदेही मागच्या पडवीत लाकडं बघायला गेले. मला आईंनी खाली पाण्यापर्यंत न्यायला सांगितलं. बंदरात रंगीत फायबरच्या होड्या लागलेल्या होत्या. एका बाजूला वाळूवर एक जुनी लाकडी होडी कलंडलेली होती, पोट फुटलेलं, आत गवत उगवलेलं. तिच्या सावलीत आम्ही बसलो. आईंनी चपला काढून पाय पाण्यात सोडले.

"मी बोलले म्हून राग आला का, परवा?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही कधीच तो शब्द..."

"घरी तोंडातनं निगत न्हाई. इतं निगाला. इतं मला कोन वळकतंय?" त्या थांबल्या. लाट आली, पायांवरून वर आली, गेली. "अर्चना, तुला वाटतं मला नको हाय. आपल्या रक्ताचं न्हाई म्हून मी गप ऱ्हाते."

मला खरंच तसं वाटत होतं.

"मला बी तानंच पायजे हुतं गं," त्या म्हणाल्या. "तेल लावून न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची. महेशनंतर ह्या हातांत तानं लेकरू आलं न्हाई. गल्लीतल्या लेकी बाळंतपनाला आल्या की मी उगंच जाऊन बसते, एकदा मांडीवर दिलं तर दिलं. त्या बाई घरी आल्या, चार वर्साचं म्हनाल्या, तू हो म्हनालीस. तवा मी आत जाऊन रडले. मला वाटलं तुला काई वाटलं न्हाई."

"मी मोरीत नळ सोडून रडले होते," मी म्हणाले.

एकाच घरात, भिंतीच्या दोन बाजूंना, आम्ही एकाच गोष्टीसाठी रडलो होतो, आणि संध्याकाळी दोघींनी मिळून मेथी निवडली होती. आम्ही तिथे त्या वाळूवर खूप रडलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, आईंच्या खांद्यावर मी कधी डोकं टेकलं नव्हतं. त्यांचा खांदा फार लहान आहे. जाळं खांद्यावर टाकून चाललेला एक कोळी आमच्याकडे बघून वाट बदलून गेला.

डोळे पुसून आई म्हणाल्या, "पर जे येईल त्याला काय म्हायती आपल्याला किती मोटं पायजे हुतं? ते बिचारं त्याच्या वयाचं येनार."

वर गेलो. केशवदादांनी अंगणात एक सुंदर वाकडं लाकूड काढून ठेवलं होतं, ओंजळीसारखं. "ह्या बगा वैनी! पालन्याला असा मिलायचा नाय."

मी लाकडावर हात फिरवला. मग वैदेहीला म्हणाले, "पाळणा नको."

तिने 'का' असं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बरं. मग तो किंवा ती आल्यावर, तुम्ही त्याला जवळ घेऊन कुठे बसाल?"

मी मनातच घरभर फिरले. आमच्या घरात सोफा आहे, पाहुण्यांसाठी. जेवणाच्या खुर्च्या आहेत. मूल घेऊन बसायची जागा मी घरात कधी ठरवलीच नव्हती. जागा नेहमी हातांतच धरली होती.

पुन्हा शेडमध्ये

शेवटचा दिवस मापांत गेला. मला वैदेहीने विटांवर टाकलेल्या फळीवर बसवलं, खालीवर करून बघितलं. जमिनीला पाय पूर्ण टेकायला हवेत, म्हणाली, कारण मांडीवर वजन येणार. मग म्हणाली, "आता त्याचं माप. इथे अडतंय."

इथे मात्र माझं अडत नव्हतं. "दोन वर्षांचं असेल तर कंबर एवढी," मी हातांनी दाखवलं. "तीनला एवढी. चारला बसल्यावर जागा इथून इथपर्यंत लागते. पाय इथे येतील. बाही इतकी." हवेत, माझ्या डाव्या बाजूला, मी एकेक वयाचं मूल माझ्या हातांनी उभं करत गेले. इतकी वर्षं कापडावर कापलेली ती मापं पहिल्यांदा माझ्याशेजारी येऊन बसत होती. वैदेही भराभर काढत होती. केशवदादा रंधा ठेवून बघत उभे होते.

"एक बसलेलं माणूस हवं शेजारी," वैदेही म्हणाली. "दाटीत कसं वाटतं ते कळत नाही असं."

आई उठल्या. "मी बसते. माझं कुटं काय वजन हाय?" त्या फळीवर माझ्या डाव्या बाजूला बसल्या, पाय जवळ घेऊन, अंग चोरून. मग हळूच अंग सैल सोडून माझ्या दंडाला टेकल्या. वैदेहीने आमच्या दोघींच्या बाजूने फळीवर पेन्सिलीची रेघ मारली.

"ही दोन माणसांची नाही आणि एकाचीही नाही," ती कागदाकडे बघत म्हणाली. "दीड माणसाची खुर्ची झाली."

फणसाची करायची ठरलं. एका बाजूला हात असलेली, दुसऱ्या बाजूला मोकळी, म्हणजे लहान मुलाला चढायला आणि नको वाटलं तर उतरून जायला अडचण नको. ते वैदेहीने सुचवलं. मला त्या वेळी नीट उमजलं नाही. पाठीसाठी केशवदादांनी ते नाट्याचं वाकडं लाकूड स्वतःहून पुढे केलं. करवतीचा पहिला काप मी बघितला. पिवळाधमक भुसा उडाला आणि आईंच्या पातळावर बसला. त्यांनी तो झटकला नाही.

निघताना वैदेही म्हणाली, "ताई, फोटो पाठवा हं." आणि मग, "सगळेच म्हणतात पाठवू."

सोलापूर

खुर्ची पावसाळ्याच्या तोंडावर ट्रान्सपोर्टने आली. गोणपाट सोडलं तेव्हा घरभर तो गोडसर वास पसरला. महेश बसला, आई बसल्या, शेजारच्या बाई बसून म्हणाल्या, "ही एवढी कशी विचित्र, ना धड सोफा?" मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी कामावरून आले की मी उजव्या बाजूला बसायची. डावी बाजू रिकामी. तिथे मी कपड्यांच्या घड्या, भाजीची पिशवी, काही म्हणजे काही ठेवू देत नसे. दर महिन्याला मी वैदेहीला फोटो पाठवते. लाकूड सावकाश गडद होतंय, पण फक्त उजव्या बाजूला. तिनेच ते फोटोत ओळखलं.

फोन दिवाळीनंतर आला. मुलगी, साडेतीन वर्षांची. आम्ही तिघेही आणायला गेलो.

ती येऊन आता पंधरवडा झाला. ती रडत नाही. विचारलं तर मान हलवते. आई तिला तेल लावायला जातात, ती ताठ उभी राहून लावून घेते आणि झालं की बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याशी जाऊन बसते, रस्त्याकडे तोंड करून. संस्थेतून येताना तिच्यासोबत एक छोटी कापडी पिशवी आली आहे. आत एक फ्रॉक, एक कंगवा आणि अर्धा खडू. ती पिशवी ती खाली ठेवत नाही. झोपेतही पिशवीचे बंद मुठीत असतात. मी शिवलेले नवे फ्रॉक कपाटात आहेत. मी रोज संध्याकाळी खुर्चीत बसते आणि तिला बोलावत नाही. बोलवावंसं इतकं वाटतं की जीभ दातांखाली धरावी लागते.

आज मी आतून चहा घेऊन आले तर ती नेहमीसारखी उंबऱ्यावर होती. पण तिचे हात मोकळे होते. पिशवी खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेवलेली होती, अगदी मधोमध, बंद नीट गुंडाळून.

मी आईंना खूण केली. आईंनी तोंडावर पदर धरला. मी उजव्या बाजूला जाऊन बसले आणि पिशवीला हात लावला नाही.